गाभण डुकरिणीचा चारा किती बारीक असावा?

प्रश्न: गाभण डुकरिणींना खुराकासोबत लसूणघासाचा मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला चारा) देतो. कुट्टी साधारण 5 सेंमीची आहे. माद्या पाला निवडून खातात, काड्या तशाच राहतात आणि विष्ठेत न पचलेले तुकडे दिसतात. चारा आणखी बारीक केला तर पचन सुधारेल का?

उत्तर: सुधारेल, विशेषतः प्रथिनांचे. एवढी लांब कुट्टी गायीला चालते, कारण ती रवंथ करताना काडी पुन्हा चावते. डुकरिणीने गिळलेला तुकडा मात्र तसाच पुढे सरकतो आणि न फुटलेल्या पेशींमधली प्रथिने लहान आतड्यात सुटी होत नाहीत. पुढे मोठ्या आतड्यात जिवाणू ती फस्त करतात. मादीला त्यातून अमिनो आम्ले जवळपास मिळतच नाहीत. म्हणून कुट्टी 1 ते 1.5 सेंमीची करा आणि शक्य असेल तर देण्याआधी चिरडून घ्या. नुसत्या कापण्यापेक्षा चिरडणे जास्त उपयोगी, कारण त्यात काडी उभी फाटते. पाला आणि काडी एकजीव झाली की निवडून खाणेही कमी होते. चिरडलेला मुरघास हवा लागून लवकर तापतो, तेव्हा त्या दिवसापुरताच तयार करा. बुरशी लागलेला भाग त्याआधीच काढून टाका. चिरडल्यावर तो ओळखू येत नाही आणि काही बुरशींच्या विषाने माज व गर्भधारणा बिघडते.

तंतूंचे गणित वेगळे आहे. ते मुख्यतः मोठ्या आतड्यात आंबतात आणि हे काम प्रौढ मादी वाढत्या डुकरापेक्षा चांगले करते. पण लिग्निन, म्हणजे काडी कडक करणारा लाकडासारखा भाग, तिलाही पचत नाही. फुलोरा उलटून गेलेला जून लसूणघास कितीही दळा, त्यातले लाकूड लाकूडच राहते. कळ्या दिसू लागताच कापणी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि नेमकी तीच लांबणीवर पडते.

मात्र पीठ करू नका. फार बारीक दळलेल्या खाद्याने जठरात व्रण होण्याचा धोका वाढतो. शिवाय थोडा भरडपणा असला की पोट भरलेले राहते, पिंजऱ्याचे गज चावणे कमी होते.

35 टक्के शुष्क पदार्थ असलेल्या 1.5 किलो मुरघासातून जेमतेम अर्धा किलो कोरडा चारा मिळतो. त्याच्या बदल्यात अर्धा किलो खुराक तोडू नका, पाव किलोच कमी करा आणि मादीच्या पाठीवर व कमरेच्या हाडांवर हात फिरवून अंगावरचे मांस तपासत राहा. हा बदल 8 ते 10 दिवसांत हळूहळू करा.