जुन्या कार्ब्युरेटरवाल्या स्पोर्ट्स कारमध्ये जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरलं तर ताकद वाढेल का?

नुसतं पेट्रोल बदलून नाही. ऑक्टेन म्हणजे नॉकिंग (सिलिंडरमध्ये मिश्रण आपोआप पेटून होणारी ठकठक) न होऊ देण्याची पेट्रोलची क्षमता, एवढंच. नव्या गाड्यांत नॉक सेन्सर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, आपोआप जुळवतो. तुमच्या डिस्ट्रिब्युटरवाल्या (प्रत्येक प्लगला ठिणगीची वीज वाटणारा जुना भाग) इंजिनात ते हातानेच करावं लागतं. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात चढ चढताना ॲक्सिलरेटर दाबून पाहा. धातूसारखी टिकटिक ऐकू आली तर टायमिंग २ अंश मागे घ्या, नाहीतर वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल भरा. आवाज नसेल तर जादा पैसे घालवू नका.

मला जास्त काळजी इथेनॉलची वाटते. १० टक्के इथेनॉलनेही मिश्रण थोडं लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. स्पार्क प्लगचं टोक फिकट तपकिरीऐवजी पांढरं दिसलं तर जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छोटं छिद्र) किंचित मोठा लावा. पण त्याआधी पेट्रोलचे जुने रबरी होज बदला; इथेनॉलने ते चिरले की पेट्रोल तापलेल्या इंजिनावर गळतं.