वकीलभाऊ, केस कोणावर लागते?

या खेपेला तीन पत्रं घेतो, तिन्ही अपघाताचीच. नावं छापत नाही, तालुक्यावरूनच लोक ओळखतात ते वेगळं.

प्रश्न : भाऊ, जुलैत आमचे धनी सकाळी वावरात गेले. रातच्या वादळानं लाइटची तार तुटून धुऱ्यावर पडली होती, गवतात दिसली नाही, तिथंच गेले. तार कधीपासून लोंबत होती, लाइनमनले कितीदा सांगितलं. आता कंपनीवाले म्हणतात तुमीच डुकरासाठी कुंपणात करंट सोडला होता. आमच्याकडं झटका मशीन हाय, पण बॅटरीवरची. अन एका साहेबानं कागद आणला, सही करा म्हणे, मदत लवकर भेटते. करू का?
— एक बहीण, आर्वी तालुका

उत्तर : ताई, कोणाकडून तरी पूर्ण वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. तातडीच्या मदतीची नुसती पोच असेल तर करा, पण खाली कुठं 'यापुढे काही मागणी राहणार नाही' असं घुसवलं असेल तर तेच वाक्य पुढं कोर्टात तुमच्यासमोर ठेवतील.

कायदा तुमच्या बाजूनं आहे, अन चांगलाच आहे. मध्य प्रदेशातली एक केस सुप्रीम कोर्टानं २००२ मध्ये निकाली काढली. माणूस रात्री पावसात सायकलनं घरी चालला होता, रस्त्यावर जिवंत तार पडलेली, पाण्यात दिसली नाही, जीव गेला. वीज मंडळ म्हणे कोणीतरी चोरून वायर जोडली होती, तिच्यामुळं झालं, आमचा काय दोष? कोर्टानं ऐकलं नाही. एवढी धोक्याची वस्तू जो चालवतो, ती लोकांच्या अंगावर येणार नाही हे त्यानंच बघायचं, त्याचा निष्काळजीपणा सिद्ध नाही झाला तरी भरपाई त्यालाच द्यावी लागते.

पण करंट तुमच्याच कुंपणातून आला असं ठरलं तर हे सगळं लागू होत नाही, म्हणून तर ते कुंपणाचं काढून राह्यले. मेन लाइनवरून कुंपणात करंट सोडणं गुन्हाच आहे, त्यानं माणसं मरतात. बॅटरीच्या मशीनचा झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागं सरतं. तर ती मशीन, बॅटरी, तारा जशा आहेत तशा राहू द्या, फोटो काढा. काही लोक घाबरून मशीन गायब करतात अन मग कंपनीचं काम सोपं होते.

अशा अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षकाकडून होते, वीज कायदा २००३ चं कलम १६१ त्यासाठीच आहे. हा निरीक्षक कंपनीचा नसतो, सरकारचा असतो. त्याच्या अहवालाची नक्कल माहिती अधिकारात मागा, तुमची केस बरीचशी त्या अहवालावर उभी राहते. सोबत पोलिसांचा पंचनामा, त्यात तुटलेली तार लिहिली आहे की नाही हे आजच बघा, पीएम म्हणजे शवविच्छेदनाचा रिपोर्ट, अन तार तुटल्यावर सप्लाय बंद का नाही पडला हा प्रश्न लेखी विचारून ठेवा. लाइनमनला तोंडी सांगितलेलं कागदावर कुठंच नसते, पण ग्रामपंचायतीत कधी अर्ज किंवा ठराव झाला असेल तर शोधा, शेजारच्या वावरवाल्यांचे जबाब घ्या.

मृत्यूच्या दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे, तरी मी म्हणतो वर्ष उलटू देऊ नका, समोरचे वकील एका वर्षाची मुदत काढून भांडतात. वकिलाच्या फीचं टेन्शन नको, १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईमाणसाला उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो, तालुका कोर्टातच विधी सेवा समिती आहे. अन गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे दोन लाख वेगळे, त्याचा अर्ज कृषी ऑफिसात लगेच टाका, त्यानं दावा बुडत नाही.

प्रश्न : कापूस वेचून येताना ट्रॉली पलटी झाली, वहिनीचा पाय दोन जागी मोडला. मालकानं प्रायव्हेटमध्ये नेलं, बिल भरलं, म्हणे रिपोर्ट देऊ नका, मी पाहून घेतो. आता फोन उचलत नाही. ड्रायव्हरजवळ कारचं लायसन होतं.
— दारव्हा तालुका

उत्तर : दादा, तुम्ही पाठवलेल्या डिस्चार्ज कार्डावर 'घरी पाय घसरून पडली' लिहिलंय. हे डॉक्टरला कोणी सांगितलं ते मी सांगायला नको. विमा कंपनी हाच कागद पहिला काढणार. आजच ठाण्यात जा, वहिनीचा अन सोबतच्या बायांचा जबाब नोंदवा, अन उशीर कावून झाला तेही लिहा, मालकानं थांबवलं असं सरळ लिहा.

दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात लागतो, तुमच्याच जिल्ह्यात लावता येतो. कायद्यात आता सहा महिने लिहिलेत, तेवढ्यात टाकाच. लायसनचं घाबरू नका, साडेसात टनाच्या आतल्या गाड्यांना हलक्या वाहनाचं लायसन चालते हे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं, अन हलक्या वाहनाच्या व्याख्येत ट्रॅक्टर आहे. खरी अडचण दुसरी आहे. ट्रॉली माल न्यायची, माणसं बसवायची नाही, म्हणून कंपनी हात वर करते अन पुष्कळदा तिचंच खरं ठरते. कधी कोर्ट म्हणते आधी कंपनीनं द्यावं अन मग मालकाकडून वसूल करावं, पण त्याच्या भरवशावर राहू नका, मालक अन ड्रायव्हर दोघांना दाव्यात प्रतिवादी करा.

अपंगत्वाचा दाखला काढाल तेव्हा टक्क्यावर खूश किंवा नाराज होऊ नका. २०१० पासून सुप्रीम कोर्ट सांगत आलंय की दाखल्यातला टक्का वेगळा अन कमाई किती बुडाली ते वेगळं. जिला वाकून निंदणं अन दिवसभर उभं राहून वेचणं होत नाही तिचं नुकसान टक्क्यापेक्षा जास्त असू शकते, हे पुराव्यानं सांगावं लागते.

प्रश्न : पोरीले साप चावला, सरकारी दवाखान्यात डॉक्टरच नव्हता, तालुक्याला नेईपर्यंत गेली. ग्राहक कोर्टात जाता येते का?
— चिमूर तालुका

उत्तर : दादा, नाही. जिथं सगळ्यांवर फुकट इलाज होतो तो दवाखाना ग्राहक कायद्यात येत नाही, १९९५ पासून हेच आहे. प्रायव्हेटमध्ये बिल भरलं असतं तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता आलं असतं, बिल पाच लाखांपर्यंत असलं तर फीसुद्धा नसते. तुमचा रस्ता हायकोर्टाचा, नागपूर खंडपीठाचा. बंगालात रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला सरकारी दवाखाने बेड नाही म्हणून परत लावत गेले, त्यावर १९९६ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की वेळेवर इलाज न देणं म्हणजे जगण्याचा हक्क मोडणं, अन सरकारला पंचवीस हजार द्यायला लावले. रक्कम तेव्हाही थोडीच होती, पण निकाल आजही कामाचा आहे. त्या दिवसाचं हजेरी रजिस्टर अन सापाच्या लसीचा स्टॉक माहिती अधिकारात मागा, अन १०८ ला किती वाजता फोन लावला ते मोबाईलमधून पुसलं जायच्या आत स्क्रीनशॉट काढून ठेवा.