वडिलांचा सीटी स्कोअर 25 पैकी 9 आलाय. व्हायरल न्यूमोनिया गंभीर आहे असं समजायचं का?

तुम्ही स्कोअर (स्कॅनमध्ये फुप्फुसाचा किती भाग धरलेला दिसतो त्याचा आकडा) लिहिलात, पण तापाच्या कितव्या दिवशी स्कॅन केला ते नाही आणि ऑक्सिजन किती आहे तेही नाही. नुसत्या 9 वरून मीच काय, कुणीच काही सांगू शकणार नाही. मी डॉक्टर नाही, सीटीचा टेक्निशियन आहे. पण या स्कोअरपायी आमच्या घरात 2021 पासून एक भांडण चालू आहे, म्हणून राहवलं नाही.

दादाला कोविड झाला. तिसऱ्याच दिवशी दाजींनी (ताईचे यजमान) हट्टाने त्याचा एचआरसीटी (फुप्फुसाचे बारीक तपशील दाखवणारा सीटी स्कॅन) करून आणला. मी फोनवर सांगत होतो, एवढ्या लवकर नको, फुप्फुसात काही दिसायचं नाही. ऐकतंय कोण! स्कोअर आला 3. दाजींनी घरच्या ग्रुपवर टाकलं, 'फक्त 3!!' आणि खाली अंगठ्यांची रांग. त्या एका आकड्यावर सगळं घर निर्धास्त झालं. ऑक्सिमीटर कपाटात गेला.

आठव्या दिवशी वहिनीचा फोन आला. "हे जिना चढून आले ते पलंगावर बसूनच आहेत. विचारलं तर नुसती मान हलवतात."

दादाला हॉस्पिटलात माझ्याच ड्यूटीत खाली सीटीला आणलं. व्हीलचेअरवर बसल्या जागी ऑक्सिजन 92. तिथून टेबलापर्यंत चार पावलं, तेवढ्यात 86. मी नेहमीचं म्हटलं, हात डोक्यामागे घे, श्वास भरून घे, धरून ठेव. स्कॅनला लागतात पाच-सहा सेकंद. दादाने दोन सेकंदांत खोकून श्वास सोडला, आणि इमेजमध्ये डायफ्रॅमची (छाती आणि पोटामधल्या पडद्याची) कड दुहेरी उमटली. पुन्हा घ्यावा लागला. एरवी मी पेशंटवर मनातल्या मनात वैतागतो. त्या दिवशी काचेपलीकडे माझेच हात गार पडले होते. स्कोअर नंतर 13 आला, पण रिपोर्ट टाइप होईपर्यंत दादाला ऑक्सिजन लावून अर्धा तास झाला होता. वॉर्डच्या डॉक्टरांनी तो 86 बघून लावला, 13 बघून नाही.

दादा अकरा दिवसांनी घरी आला. आणि दाजींचं पहिलं वाक्य काय? "तुमच्या मशीननेच फसवलं की हो."

मशीनने फसवलं नाही. तिसऱ्या दिवशी फुप्फुसात जेवढं होतं तेवढं त्याने दाखवलं. कोविडमध्ये फुप्फुसातले बदल साधारण दहाव्या दिवसाच्या आसपास सगळ्यात जास्त असतात, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत पुष्कळांचा स्कॅन अगदी स्वच्छ येतो. आठव्या दिवशी काय होणार हे तिसऱ्या दिवशीच्या फोटोला कसं कळणार?

दाजींचा दुसरा मुद्दा असा, की त्यांच्या ऑफिसातल्या एकाचा स्कोअर 18 होता आणि तो घरीच बरा झाला, मग दादाला 13 वर एवढं का व्हावं? वर्षभर हे ऐकून घेतलं. मग एकदा त्यांनी मोठ्या ऐटीत तो रिपोर्टच पाठवला. 18, पण 40 पैकी! ती पद्धतच वेगळी. त्यात फुप्फुसांचे 20 भाग धरतात आणि प्रत्येकाला 0, 1 किंवा 2 देतात. अठरा भागांत एकेक बारीक डाग असला तरी 18 भरतात. आपल्या 25 वाल्यात पाच लोब (फुप्फुसांचे मोठे कप्पे), प्रत्येकाला 5 पर्यंत. लोबचा 26 टक्के भाग धरलेला असो की 49, मिळतात 3 च. आणि हे टक्के रेडिऑलॉजिस्ट नजरेने ठरवतो. त्यात पेशंटने श्वास अर्धवट घेतलेला असला की फुप्फुसाचा खालचा भाग उगाच धुरकट दिसतो. म्हणजे तुमचा 9 दुसऱ्या कुणी वाचला तर 8 किंवा 11 होऊ शकतो. सौम्य आणि मध्यम यांची रेघही सगळीकडे एकाच आकड्यावर नाही.

तेव्हा वडिलांना आधी ऑक्सिमीटर लावा. बसून, आणि झेपत असेल तर घरातल्या घरात सहा मिनिटं चालवून. बसून 94 च्या खाली असेल तर चालवू नका, थेट हॉस्पिटल गाठा. चालल्यावर 3-4 ने घसरला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मिनिटाला श्वास किती तेही मोजा, त्यांना न सांगता. सांगून मोजलं की माणूस शहाण्यासारखा श्वास घेतो. 24 च्या पुढे गेले तर वाट बघायची नाही. बोटं गार असतील किंवा नखांना पॉलिश असेल तर ऑक्सिमीटरही चुकतो, हे लक्षात ठेवा.

स्कोअर निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हणत नाही. मोठा स्कोअर असलेल्यांचा आजार वाढण्याची शक्यता जास्त असते, हे खरं आहे. आणि स्कोअर लहान पण ऑक्सिजन पडतोय असं असेल तर फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी असू शकते. साध्या एचआरसीटीत ती कळत नाही, शिरेतून औषध देऊन सीटी अँजिओ करावी लागते. ते डॉक्टर ठरवतील. 'आता साफ झालं का बघू' म्हणून दर आठवड्याला मात्र स्कॅन करू नका. माणूस हिंडू-फिरू लागल्यावरही डाग काही आठवडे, कधी महिनेही दिसतात, आणि नेहमीच्या डोसच्या एका स्कॅनमध्ये छातीच्या साध्या एक्स-रेच्या पन्नासपट तरी रेडिएशन जातं.

वडिलांच्या तापाचा कितवा दिवस आहे ते खाली लिहा. आणि दाजी, हे वाचत असाल तर तो 40 पैकीचा रिपोर्ट मी अजून डिलीट केलेला नाही.