लिओनार्दो खरंच तलवारी घेऊन फिरायचा का?

प्रश्न : ताई, सध्या आम्ही घरी ‘दा विंचीज डीमन्स’ ही सिरीज बघतोय. त्यात लिओनार्दो तलवारबाजी करतो, व्हॅटिकनच्या गुप्त दफ्तरात घुसतो, जहाजात बसून थेट पेरूला पोचतो. बायको म्हणते सगळी फेकाफेक आहे, मला वाटतं काहीतरी खरं असणारच. किती खरं आहे हो?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वहिनींचं पेरूच्या बाबतीत बरोबर आहे, तो तिकडे कधीच गेला नाही, फ्लोरेन्स, मिलान, रोम आणि म्हातारपणी फ्रान्स, त्याचं आयुष्य साधारण याच पट्ट्यात गेलं. पण सिरीजमधला पाझ्झी या फ्लोरेन्सच्या घराण्याचा कट शंभर टक्के खरा आहे. 26 एप्रिल 1478, रविवार, फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये प्रार्थना चालू असताना शहरावर सत्ता असलेल्या मेदिची भावांवर हल्ला झाला, धाकटा जुलियानो तिथेच गेला, अंगावर 19 घाव, आणि लोरेन्झो मानेवर जखम घेऊन आतल्या खोलीत शिरला म्हणून वाचला. लिओनार्दो त्या दिवशी तिथे होता याला पुरावा नाही, तो सिरीजवाल्यांनी मध्ये घातलाय.

पण त्या कटाशी त्याचा खरा संबंध आहे आणि मला तो सगळ्या तलवारबाजीपेक्षा भारी वाटतो. बंदिनी नावाचा एक मारेकरी पळून थेट तुर्कांच्या कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, गेला होता, सुलतानाने त्याला पकडून परत पाठवलं आणि डिसेंबर 1479 मध्ये त्याला फाशी दिलं, अंगावर ते तुर्की कपडे तसेच. 27 वर्षांचा लिओनार्दो तिथे कागद घेऊन उभा. छोटंसं रेखाटन आहे, हात मागे बांधलेले, मान एका बाजूला पडलेली, डोकं नीट जमलं नाही असं वाटलं असावं म्हणून खाली कोपऱ्यात ते परत एकदा काढलंय, आणि शेजारी बारीक अक्षरात कपड्यांची यादी : तपकिरी टोपी, काळ्या सॅटिनचा अंगरखा, कोल्ह्याच्या फरचं अस्तर लावलेला निळा कोट, काळे पायमोजे. दया नाही, राग नाही, फक्त रंग कुठला आणि अस्तर कशाचं. मी तो कागद पहिल्यांदा फोटोत बघितला तेव्हा कितीतरी वेळ पान उलटवता आलं नाही मला. सिरीजमधला लिओनार्दो सारखा धावत असतो, खरा लिओनार्दो थांबून बघायचा, आणि माझी सिरीजबद्दल तक्रार आहे ती एवढीच.

प्रश्न : तो उलटं लिहायचा ते कोणाला कळू नये म्हणून ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तसं वाटत नाही मला. तो डावखुरा होता, पिसाची लेखणी आणि ओली शाई, डावीकडून उजवीकडे लिहिलं की हात शाईवरून फिरतो आणि सगळं फरफटतं, उलटं लिहिलं की तो त्रासच नाही. आरसा धरला की वाचता येतं, मग कसलं गुपित! सिरीजचं टायटल म्युझिक मात्र याच गोष्टीवरून केलंय, संगीतकार बेअर मॅक्रिअरीने ती धून अशी बांधलीय की सुरुवातीकडून वाजवा नाहीतर शेवटाकडून, सारखीच, आणि तिला 2013 चा एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. पुढच्या वेळी स्किप करू नका.

प्रश्न : ताई, मुलगा 11 वर्षांचा आहे, त्याला विमानं, पक्षी यांचं वेड. त्याला दाखवू का ही सिरीज?
– एक आई, पुणे

उत्तर : नको गं, इतक्यात नको. रक्त, अत्याचार, बेडरूमचे सीन, सगळंच मोठ्यांसाठी आहे. त्याला लिओनार्दोची पक्ष्यांवरची वही दाखव, साधारण 1505 ची, छोटीशी, मूळ प्रत इटलीत तुरीनला आहे पण पानांचे फोटो नेटवर मिळतात. आणि त्याला हे सांग की लिओनार्दोला लहानपणीची एक आठवण होती, पाळण्यात असताना एक घार आली आणि तिने शेपटी त्याच्या ओठांवर आपटली, हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. पंख न हलवता पक्षी वाऱ्यावर गोल गोल फिरत वर कसा चढतो याच्यामागे तो कित्येक वर्षं होता. आपल्याकडे घारींना काय तोटा, दुपारी ऊन तापलं की त्याला गच्चीवर घेऊन जा, हातात वही-पेन्सिल दे आणि घार वळताना शेपटीचं काय करते ते काढायला सांग. चित्र कसं आलं ते मला कळव.