बडोद्यात एसीचं काम स्वतःच्या नावावर करायला कुठलं लायसन्स लागतं?

तुमचा प्रश्न असा: आयटीआयला रेफ्रिजरेशन-एसीचा ट्रेड केलाय, डीलरकडे हात बसलाय, आता दांडिया बाजारात स्वतःचं दुकान काढायचंय. अमेरिकेतल्या चुलतभावाला गॅस हाताळण्यासाठीसुद्धा परीक्षा द्यावी लागली, मग इथे काय लागतं?

त्याने दिली ती तिथल्या ईपीएची, म्हणजे पर्यावरण खात्याची, ‘सेक्शन ६०८’ची परीक्षा. आपल्याकडे ‘एसी कॉन्ट्रॅक्टर’ या नावाचं लायसन्सच नाही. त्यामुळे पाने, गेज आणि सिलिंडर आणला की धंदा सुरू, असं बरेच जण धरून चालतात. पण एसीचं निम्मं काम विजेचं असतं, आणि तिथे कायदा आहे.

केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३च्या सुरक्षा नियमांप्रमाणे वायरिंगचं नवं काम, वाढ किंवा फेरबदल लायसन्सधारी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरनेच करायचं असतं, तेही पात्र सुपरवायझरच्या देखरेखीखाली. घरगुती उपकरण बदलायला सूट आहे, पण मूळ जोडणीची क्षमता बदलत नसेल तरच. म्हणजे जुना दीड टनी काढून त्याच पॉइंटवर नवा दीड टनी लावलात, तर तुमचं तुम्ही करा. पण बेडरूममध्ये पॉइंटच नाही, मीटरच्या पेटीपासून नवी लाइन ओढून वेगळी एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बसवायची आहे, तर ते तुमचं काम नव्हे. पंख्याच्या बोर्डावरून बारीक वायर ओढून त्यावर एसी चालवलेला मी इथे पाहिलाय. प्लगचं तोंड वितळून पिवळं पडलं होतं.

गुजरातमध्ये हे लायसन्स मुख्य विद्युत निरीक्षकांच्या खात्याकडून मिळतं, कचेरी गांधीनगरला. तुमच्या आयटीआयच्या ट्रेडवर ते थेट मिळेल अशी आशा धरू नका. सुरुवातीला ओळखीच्या लायसन्सवाल्याशी बोलून ठेवा, बहुतेक जण तेच करतात. गिऱ्हाइकाचा मंजूर लोड कमी पडत असेल तर वीज कंपनीकडे वाढवून घ्यावा लागतो, तेव्हा टेस्ट रिपोर्टवर त्या लायसन्सवाल्याचीच सही लागते.

बाकीचे कागद किरकोळ. महापालिकेत गुमास्ताधाऱ्याचं, म्हणजे दुकान कायद्याचं, काम (माणसं थोडी असतील तर नुसती माहिती द्यायची), तिथेच व्यवसाय वेरा (प्रोफेशनल टॅक्स), आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, जी ऑनलाइन फुकट होते. एजंटला पैसे देऊ नका. सर्विसच्या धंद्यात वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटी सक्तीचा नाही, पण मकरपुऱ्याचे कारखाने आणि दवाखाने त्या बिलाशिवाय दारात उभं करत नाहीत.

गॅसचं मात्र परीक्षा नसली तरी मनावर घ्या. जुन्या एसींतला आर-२२ गॅस भारतात २०३०पर्यंत जवळजवळ बंद व्हायचाय, आणि नव्या मशिनांतला आर-३२ थोडा ज्वलनशील आहे. गळती तपासायला नायट्रोजनच वापरा. ऑक्सिजन भरला आणि तो कॉम्प्रेसरच्या तेलाला भिडला तर स्फोट होतो. व्हॅक्यूम पंप न लावता गॅसनेच पाइपातली हवा ढकलून देणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यात जाऊ नका.



कोटेशन देताना वायरिंग वेगळ्या ओळीत लिहा आणि शेजारी त्या कॉन्ट्रॅक्टरचा लायसन्स नंबर घाला. उद्या शॉर्टसर्किट झालं तर पहिला सवाल त्याच ओळीवर येतो.