आधी पगारपत्रक हातानं कर

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. माणसांत रमायला आवडतं म्हणून एचआर घेतलं, आणि समोर आली हजेरी, रजा, कपाती. आता ऐच्छिक विषय भरतीचा घ्यावा की वेतनाचा, असं विचारलंयस. वेतनाचा घे. घासाघीस नको.

पगार कमी आला म्हणून एखादा तुझ्या टेबलापाशी येईल, तेव्हा तुझा गोड स्वभाव त्याच्या काय कामाचा? तो आकडा कुठून आला, हे त्याला समजेल असं सांगता आलं पाहिजे. म्हणून पत्रक हातानं कर.

महिना 31 दिवसांचा, पगार 30,000, आणि कंपनी दर महिन्याला 30 नं भागते असं धर. ‘अ’ 2 तारखेला रुजू झाला. त्याचे 30 दिवस मोजले, पूर्ण 30,000 मिळाले. ‘ब’ आधीपासून आहे, एक दिवस बिनपगारी रजेवर होता. त्याचे 1,000 कापले, हाती 29,000. दोघांचेही पगारी दिवस 30च! एकाचे दिवस मोजले, दुसऱ्याचे वजा केले, तिथे घोळ झाला. सॉफ्टवेअर याला चूक म्हणणार नाही, कारण त्याला तसंच सांगितलेलं असतं. महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांनी भागलं, तर दोघांनाही 29,032 मिळतात. 30च ठेवायचे असतील, तर नव्या माणसाचेही न भरलेले दिवस वजा करायचे. रीत कोणतीही असो, ती वेतन धोरणात लिहिलेली हवी. हेच उदाहरण 28 दिवसांच्या फेब्रुवारीत करून बघ. अन्याय बाजू बदलतो.

तुला वाटेल, मी तुला कारकून करायला निघालोय. वाटू दे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1919 मधला पहिला करारच कामाच्या तासांचा होता: दिवसाला 8, आठवड्याला 48. कामगारांच्या हक्काची भाषाही तेव्हा आकड्यांतच लिहावी लागली.

आणि भरतीत तरी हिशेबापासून सुटका कुठे आहे? मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं विचारायचे. 1 ते 5 मध्ये कोणत्या उत्तराला किती गुण, हे आधी ठरवायचं. प्रत्येकानं आपले गुण चर्चेआधी लिहायचे. आधी चर्चा झाली, की साहेबांच्या आकड्याभोवती बाकीचे आकडे गोळा होतात. गळतीचं, म्हणजे वर्षात किती टक्के माणसं सोडून गेली याचंही तसंच. वर्षारंभी 120 माणसं, सोडून गेलेली 22, नवी आलेली 2, अखेरीस 100. सरासरी 110 नं भाग, 20 टक्के येतात. अखेरच्या 100 नं भागलंस तर 22. पण त्या 22 पैकी 15 एकाच विभागातले असले, तर टक्केवारी बाजूला ठेव आणि त्या विभागात जाऊन बस. माणसांत रमायची तुझी हौस इथे कामी येईल. हिशेबानंतर.

इंटर्नशिपला स्वागतकक्ष आणि कार्यक्रमांची कामं पुढ्यात येतील. ती कर, पण महिनाअखेरचा आठवडा वेतन विभागात मागून घे. हजेरी कधी बंद होते, ओव्हरटाइमवर सही कुणाची, थकबाकी कोणत्या महिन्यात धरतात, पैसे जाण्याआधी पत्रक दुसरं कोण तपासतं, हे डोळ्यांनी बघ. जो पत्रक बनवतो तोच तपासत असेल, तर तेही टिपून ठेव.

तोवर कागदावर पाच माणसं मांड: एक महिन्याच्या मध्ये रुजू झालेला, एक सोडून गेलेला, एक बिनपगारी रजेवरचा, एक ओव्हरटाइमचा आणि एक 16 तारखेपासून पगारवाढ मिळालेला. प्रत्येक आकड्याशेजारी तो कसा आला ते लिही आणि मला पाठव. एक्सेलमधून काढलेलं मी वाचणार नाही.