हार्ट फेल्युअरमुळे ॲडमिट होऊन घरी आलेल्या वडिलांची काळजी कशी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं ईएफ (इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदय किती जोराने रक्त बाहेर ढकलतं ते सांगणारा आकडा) ३०% आहे, सूज आणि दम उतरल्यावर डिस्चार्ज मिळालाय आणि पुन्हा ॲडमिट करायची वेळ येऊ नये म्हणून घरी नेमकं काय बघायचं ते हवंय. मी हृदयरोग विभागात नर्स आहे. एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: दम लागायची वाट बघू नका, रोज सकाळी वजन करा.

आधी त्या ३०% बद्दल, कारण त्या आकड्याने घरचे हबकून जातात. हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर पडतं, तो हा आकडा. निरोगी हृदयातूनही साधारण ५५ ते ७० टक्केच बाहेर पडतं. म्हणजे बाबांचं हृदय ७०% बंद पडलंय असं नाही. ते कमजोर आहे हे खरं, पण औषधं नियमित चालू राहिल्यावर हा आकडा वाढलेले पेशंट मी पाहिलेत.

आता वजन. हृदयाचा जोर कमी पडला की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतं. दम लागायच्या कितीतरी दिवस आधी ते काट्यावर दिसू शकतं. सकाळी उठल्यावर, लघवी करून, काही खाण्यापिण्याआधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत, त्याच काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. तीन दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. इतक्या झपाट्याने चरबी वाढत नाही, ते पाणीच असतं. पण भूक मेली असेल आणि अंगावरचं मांस झडत असेल, तर पाणी वाढूनही वजन तेवढंच दिसतं. म्हणून पायही बघायचे. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा काही सेकंद दाबून धरा. उचलल्यावर खड्डा राहिला तर सूज आहे. बाबा बहुतेक वेळ झोपून असतील तर कमरेखाली, माकडहाडाच्या वर दाबून बघा. पाणी तिकडे उतरतं, पाय बारीक दिसतात आणि सगळ्यांना वाटतं की सूज गेली.

‘बरं वाटतंय का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘हो’च येणार. त्यापेक्षा रात्री किती उशा घेतल्या ते विचारा. एका उशीवर झोपणाऱ्याला दोन-तीन लागायला लागल्या, आडवं झालं की खोकला येतोय किंवा मध्यरात्री गुदमरून उठून बसावं लागतंय, तर पाणी फुप्फुसांपर्यंत पोचायला लागलंय.

औषधांत लघवीच्या गोळीने लगेच आराम पडतो, म्हणून तीच मुख्य वाटते. ईएफ कमी असलेल्यांचं आयुष्य वाढवण्याचं काम मात्र दुसरी औषधं करतात: सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन किंवा त्याऐवजी रामिप्रिलसारखं औषध, मेटोप्रोलोल किंवा बिसोप्रोलोलसारखा बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके संथ करणारं औषध), स्पायरोनोलॅक्टोन आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. यातलं शेवटचं मूळचं मधुमेहाचं. ‘बाबांना तर शुगर नाही’ म्हणून घरचे ते बंद करतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. मधुमेह नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटनाही त्याचा फायदा होतो, हे २०१९ मध्येच सिद्ध झालंय. बरं वाटतंय किंवा बीपी थोडं कमी आलं म्हणून कुठलीही गोळी स्वतःहून थांबवू नका. चक्कर येत असेल, उलट्या-जुलाब लागले असतील तर मात्र लगेच फोन करा, कारण तेव्हा काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. नवीन गोळी सुरू झाली किंवा डोस वाढला की रक्तातल्या पोटॅशियमची आणि क्रिएटिनिनची (किडनी कशी चाललीय ते यावरून कळतं) तपासणी डॉक्टर सांगतील त्या दिवशी करून घ्या.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा पेनकिलर घरातून काढूनच टाका. त्या पाणी साठवतात आणि किडनीला त्रास देतात. ‘कमी सोडियमचं’ मीठही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यात पोटॅशियम असतं आणि वरच्या काही औषधांनी ते आधीच वाढलेलं असू शकतं. साधं मीठ दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत ठेवा, पाकिटातल्या पदार्थांतलंही त्यात धरा. पाणी किती द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा. काहींना दीड-दोन लिटरची मर्यादा असते, सगळ्यांना नसते.

दिवसभर झोपवून ठेवू नका. बोलता बोलता चालता येईल इतपत चालू द्या. पहिली फेरतपासणी एक-दोन आठवड्यांत असते, ती अजिबात चुकवू नका आणि वजनाची वही बरोबर न्या.

बसूनही एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसले, गुलाबी फेस असलेली थुंकी आली किंवा छातीत दुखायला लागलं, तर अपॉइंटमेंट घेत बसू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा. दम लागलेला असेल तर ती येईपर्यंत त्यांना आडवं करू नका. पाय खाली सोडून, पाठीला टेकू देऊन ताठ बसवा.